काच बदलल्यावर सनफिल्म जुळवताना: टक्का सगळ्यात शेवटी

काच फुटते. काचवाला येतो, नवी बसवून जातो. मग फिल्मवाल्याला फोन जातो, “बाकीच्या काचांना आहे तीच काळी लावून द्या, पस्तीस टक्केवाली.” तो लावून जातो, आणि संध्याकाळी पार्किंगमधून वर बघितलं की चार काचांतली एकच निळसर चमकत असते. आमच्याकडे नेमकं हेच झालं. सोसायटीतल्या पोरांचा सीझन बॉल हॉलच्या खिडकीतून आत आला, आणि त्या एका काचेवर मला तीनदा फिल्म लावून घ्यावी लागली. टक्का म्हणजे फिल्म किती उजेड आत सोडते तो आकडा. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी तो बरोबर होता. काच मात्र दर वेळी वेगळी दिसायची.

तीन वेळच्या खर्चात एक गोष्ट कळली. लोक आधी टक्का विचारतात, मग रंग बघतात आणि बाहेरून दिसणारी चमक बघतच नाहीत. डोळा नेमका उलट्या क्रमाने चालतो. बाहेरून आधी चमक खटकते, घरात बसल्यावर छटा खटकते, आणि उजेडातला चार-पाच टक्क्यांचा फरक बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. म्हणून या लेखातला क्रम आधी चमक, मग छटा, शेवटी टक्का असा आहे.

हे सगळं अ‍ॅल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्या आणि आतल्या बाजूने लावलेली साधी सनफिल्म धरून लिहिलं आहे. काच फुटल्यापासून काम संपेपर्यंत आठ-दहा दिवस धरा. तोवर नव्या साध्या काचेवर पडदा ओढून ठेवा. घाई झाली की फिल्म दोनदा विकत घ्यावी लागते.

## १. फुटलेली काच फेकण्याआधी

पहिली चूक इथेच होते. काचवाला सगळे तुकडे गोणीत भरून नेतो, आणि त्यासोबत तुमच्याकडचा एकमेव खरा नमुनाही जातो. फुटलेल्या काचेवरची फिल्म बाकीच्या काचांवरच्या फिल्मच्याच वयाची असते. तितकंच ऊन तिनेही खाल्लेलं असतं. दुकानातला कुठलाही कॅटलॉग हे देऊ शकत नाही.

फिल्ममुळे फुटलेली काच बऱ्याचदा जागीच लटकून राहते. जाड हातमोजे आणि बूट घाला, मुलांना दुसऱ्या खोलीत पाठवा, तड्यांवर रुंद चिकटपट्टी आडवी-उभी मारा आणि मगच काच काढा. दोन तुकडे वेगळे ठेवा:

- तळहाताएवढा एक, फिल्म चिकटलेली असतानाच. कडांना चिकटपट्टी गुंडाळा.
- एक अगदी कडेचा, म्हणजे जो भाग रबराच्या आत खाचेत होता तो. याचा उपयोग तिसऱ्या टप्प्यात आहे.

काचेचा बारीक चुरा झाडूने पूर्ण निघत नाही. कणकेचा गोळा फरशीवर आणि खिडकीच्या ट्रॅकमध्ये दाबत फिरवा, चकाकणारे कण त्याला चिकटून येतात. ट्रॅकमध्ये राहिलेला एक कण शटरच्या, म्हणजे काच बसवलेल्या सरकत्या चौकटीच्या, चाकाखाली आला की शटरची करकर सुरू होते. उरलेले तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळून वरून मोठ्या अक्षरांत ‘काच’ लिहा आणि मगच घंटागाडीवाल्याच्या हातात द्या.

तपासा: तुकड्यावर फिल्म कोणत्या बाजूला आहे ते बघा. कोपऱ्यावर नख ओढलं की फिल्मची कड अडकते. ती बाजू खोलीकडे होती की रस्त्याकडे, हे तिथल्या तिथे मार्करने लिहून ठेवा. काच हातात फिरली की हे हमखास विसरतं, आणि उलट बाजूला लावलेली तीच फिल्म बाहेरून वेगळी चमकते.

## २. काळं नक्की काय आहे?

“आमच्या काचा काळ्या आहेत” या वाक्यात चार वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. प्रत्येकीची खात्री करून घ्या.

काचच रंगीत आहे का? ग्रे, ब्राँझ, हिरव्या काचा कारखान्यातच रंग मिसळून येतात. तुकड्याच्या कोपऱ्यावरची फिल्म ब्लेडने उचलून इंचभर सोला आणि उघडी पडलेली काच पांढऱ्या कागदावर ठेवा. साधी काच वरून जवळपास बिनरंगी दिसते, फक्त कड हिरवट असते. सोललेला भागही धुरकट किंवा तपकिरी दिसला, तर तुमच्याकडे रंगीत काच अधिक फिल्म अशी जोडी आहे. मग साध्या काचेवर कितीही फिल्मा बदला, जुळणार नाही. आधी तीच रंगीत काच मिळवावी लागेल. अशा जोडीत टक्के बेरजेने वाढत नाहीत, गुणाकाराने घटतात. ५० टक्के उजेड सोडणाऱ्या काचेवर ३५ टक्क्यांची फिल्म लावली की आत येतो सुमारे साडेसतरा टक्के.

मच्छरजाळी मध्ये आहे का? तीन ट्रॅकच्या खिडकीत एका काचेमागे जाळीचं शटर उभं असतं आणि दुसरी मोकळी असते. जाळीमागची काच नेहमीच गडद दिसते. हसू नका, माझी पहिली फिल्म मी जाळीमागच्या काचेशी तुलना करून निवडली होती. दुकानदाराने बिचाऱ्याने विचारलंही होतं, “ताई, नक्की एवढी डार्क?” तुलना करायच्या आधी जाळी दुसऱ्या टोकाला सरकवा. दोन काचांची शटरंही पूर्ण बंद करा, कारण एकावर एक आलेला भाग दुप्पट गडद दिसतो.

मळ आहे का? तीन-चार वर्षं बाहेरून न धुतलेली काच, त्यात बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग. तिच्याशी नवी काच जुळवली तर पहिल्या पावसातच दोघी वेगळ्या दिसतील. जुन्या काचा बाहेरून साबणाच्या पाण्याने आणि आतून, फिल्मच्या बाजूने, मऊ ओल्या फडक्याने पुसा. फिल्मवर अमोनिया असलेला क्लीनर, घासणी, पावडर काहीही नको.

आणि शेवटी फिल्म. तीही एक जातीची नसते. रंगवलेल्या साध्या फिल्मला चमक जवळपास नसते आणि उन्हात ती विटत जाते. धातूचा थर असलेली बाहेरून आरशासारखी किंवा निदान रुपेरी दिसते. सिरॅमिक किंवा कार्बन फिल्म गडद असूनही कमी चमकते. तुमची कोणती, ते ओळखायला काळी छत्री पुरते. जुन्या काचेमागे घरातून कुणाला तरी काळी छत्री उघडून धरायला सांगा आणि बाहेरून बघा. छत्रीमुळे आतून येणारा उजेड थांबतो, काचेवर उरते ती निव्वळ चमक. त्यात समोरची इमारत स्पष्ट दिसली तर धातूची फिल्म, नुसतं काळं मिट्ट दिसलं तर रंगवलेली किंवा सिरॅमिक. बाहेरून बघणं शक्य नसेल तर जपून ठेवलेला तुकडा काळ्या कापडावर ठेवून बाहेरची बाजू वर करा. तेच दिसेल.

## ३. जुळवायचं की बदलायचं, हे आधी ठरवा

हा टप्पा बहुतेक लोक गाळतात आणि मग पैसे जातात, म्हणून इथे जरा थांबून वाचा.

कडेचा तुकडा घ्या. फिल्म काच बसवण्याआधी लावलेली असेल, तर रबराखालच्या पट्टीला वर्षानुवर्षं ऊन लागलेलं नसतं. पांढऱ्या कागदावर ठेवून ती पट्टी आणि उघड्यावरचा भाग शेजारी शेजारी बघा. पट्टी काळसर आणि बाकीचा भाग जांभळट किंवा फिकट असेल, तर फिल्म विटली आहे. पट्टी नसेल, म्हणजे फिल्म नंतर आतून कापून लावली असेल, तर जांभळी छटा हीच खूण धरा. स्वस्त रंगवलेली फिल्म विटताना बहुधा जांभळी होते.

फिल्म विटली असेल तर जुळवायच्या नादी लागू नका. तीच कंपनी, तेच नाव, तोच टक्का आणला तरी नवी फिल्म वेगळीच दिसणार, आणि मुद्दाम जांभळट फिल्म शोधून आणलीत तरी जुनी अजून विटत राहणार. अशा वेळी रस्ते दोन.

पहिला: त्या खिडकीच्या सगळ्या काचांची फिल्म एकत्र बदला. एका नजरेत येणाऱ्या काचा एका वयाच्या हव्यात, एवढाच नियम. हॉलच्या एका भिंतीवर दोन खिडक्या असतील तर त्या एक नजर. बेडरूमची खिडकी दुसऱ्या दिशेला असेल तर तिचा प्रश्न नाही. अख्ख्या घराची फिल्म बदला म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा.

दुसरा रस्ता दुकानदार सांगणार नाही, कारण त्यात त्याला काही मिळत नाही: अदलाबदल. मागच्या बाजूला, ड्राय बाल्कनीत किंवा स्टडीत त्याच मापाची, त्याच फिल्मची काच असेल तर ती पुढे हॉलमध्ये आणा आणि नवी काच, नव्या फिल्मसकट, मागे पाठवा. पुढच्या चारही काचा एका वयाच्या राहतात. मागची एक वेगळी दिसली तर ती पाहायला तिथे कावळाच येतो.

अदलाबदलीआधी दोन्ही काचांची मापं सुतापर्यंत घ्या. एक इंच म्हणजे आठ सूत. एकाच बिल्डरच्या ‘सारख्या’ खिडक्यांतही दोन-तीन सुतांचा फरक निघतो. डावं आणि उजवं शटरही सारखं नसतं, कडी आणि इंटरलॉकच्या, म्हणजे दोन शटरं एकमेकांत अडकतात त्या, पट्ट्या वेगळ्या असतात. म्हणून डाव्याच्या जागी डावंच न्या, किंवा फ्रेम तशीच ठेवून फक्त काच बदलून घ्या.

सावधान: शटर काढताना ते वर उचलून खालची कड आत ओढावी लागते, आणि त्या क्षणी सगळा भार हातावर येतो. बाहेर ग्रिल नसेल तर हे काम स्वतः करू नका. ग्रिल असलं तरी दोन माणसं हवीत.

फिल्म विटलेली नसेल, म्हणजे पट्टी आणि बाकीचा भाग सारखेच दिसत असतील, तर जुळवणं शक्य आहे. पुढे चला.

सोसायटीत बाहेरून दिसणाऱ्या काचांबद्दल काही ठराव आहे का, हे सेक्रेटरींना आत्ताच विचारून घ्या, विशेषतः फिल्म आरशासारखी असेल तर. “काळ्या फिल्मवर सुप्रीम कोर्टाची बंदी आहे” असं कुणीतरी सांगेलच. २०१२चा तो निकाल गाड्यांच्या काचांबद्दल होता, घराच्या खिडक्यांबद्दल नाही.

## ४. नवी काच: इथे चुकलं तर फिल्मचा दोष नसतो

काचवाल्याला फक्त “खिडकीची काच” सांगू नका. जपलेला तुकडा दाखवा आणि तीन गोष्टी स्पष्ट सांगा.

१. जाडी. तुकड्याची कड मोजा. स्लायडिंगमध्ये बहुधा ४ किंवा ५ मिमी असते. जाडी बदलली की रबर नीट बसत नाही, आणि काचेची स्वतःची हिरवट झाकही थोडी बदलते.

२. साधी की टफन, म्हणजे तापवून मजबूत केलेली. फुटल्यावर साखरेच्या खड्यांसारखे बारीक दाणे झाले असतील तर ती टफन होती. लांब टोकदार सुऱ्या निघाल्या असतील तर साधी. टफन होती तिथे टफनच घाला. ती तयार झाल्यावर कापता येत नाही, त्यामुळे माप आधी पक्कं हवं आणि दोन-चार दिवस थांबायची तयारी हवी.

३. क्लिअर. दुसऱ्या टप्प्यात काच रंगीत निघाली नसेल तर ‘क्लिअर’ हा शब्द बिलावर लिहून घ्या. दुकानात ग्रेचा तुकडा उरलेला असतो आणि “तशीही फिल्मच लावणार ना” म्हणून तो तुमच्या गळ्यात मारला जातो.

माप काचवाल्यालाच घ्यायला सांगा, शटर खाली उतरवून. उघडी दिसणारी काच आणि खाचेत जाणारी काच यांत फरक असतो, आणि घरच्या टेपने घेतलेलं माप चुकलं तर भरपाई तुमच्याकडून होते.

काच बसवून झाली की सिलिकॉन कुठे लागलं ते बघा. आतल्या बाजूने काचेवर पसरलेलं सिलिकॉन डोळ्यांना दिसत नाही, पण फिल्म तिथे पकडत नाही. ओलं असतानाच पुसून घ्या, आणि फिल्म लावायला किमान एक अख्खा दिवस जाऊ द्या.

सावधान: तार घातलेली, दोन थरांची लॅमिनेटेड किंवा मध्ये पोकळी असलेली दुहेरी काच असेल तर गडद फिल्म लावण्याआधी विक्रेत्याकडून ती त्या काचेला चालते याची खात्री घ्या. गडद फिल्म ऊन शोषते, काचेचा मधला भाग तापतो आणि फ्रेममध्ये दडलेली कड थंड राहते. या ताणाने काच आपोआप तडकू शकते. कडेला टवका उडालेली काच तर हमखास धोक्याची. ती बसवूच देऊ नका.

## ५. नमुने: कॅटलॉगवर नव्हे, खिडकीवर

दुकानात ‘ब्लॅक’, ‘स्मोक’, ‘चारकोल’, ‘ग्रे’ अशी नावं ऐकायला मिळतात. या नावांना काही पक्का अर्थ नाही. एका दुकानाचा चारकोल दुसऱ्याच्या स्मोकहून फिका असतो. जुना तुकडा घेऊन जा, चमक जुळणाऱ्या तीन-चार फिल्मा बाजूला काढा आणि प्रत्येकीचा निदान सहा इंची चौकोन मागा. नाहीच दिला तर पैसे देऊन घ्या. कॅटलॉगमधल्या पट्टीवर मागचं प्लास्टिक तसंच असतं, त्यामुळे ती काचेवर लावल्यावरच्या रंगाची दिसत नाही.

घरी नव्या काचेवर साबणाचं पाणी फवारा, नमुन्यांचं मागचं प्लास्टिक काढा आणि जुन्या काचेला लागून असलेल्या कडेशी एकाखाली एक चिकटवा. मग क्रमाने बघा.

चमक. मागे काळी छत्री, बाहेरून निरीक्षण. निदान पंधरा-वीस फुटांवरून, जमलं तर समोरच्या गच्चीवरून किंवा पार्किंगमधून. जो नमुना इथे नापास तो काढून टाका, मग त्याचा रंग कितीही आवडू दे.

छटा. खोलीचा दिवा लावा, काचेला बाहेरून पांढरा कागद टेकवून धरा आणि आतून बघा. उजेड फिल्ममधून जाऊन कागदावर आपटून परत फिल्ममधूनच येतो, त्यामुळे एरवी न दिसणारी निळी, हिरवी, तपकिरी झाक दुप्पट होऊन समोर येते. माझी दुसरी फिल्म, दुकानात ठार काळी दिसणारी, या कागदापुढे चक्क निळ्या शाईसारखी झाली असती. पण तेव्हा मला ही युक्ती माहीत नव्हती.

टक्का. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये उजेड मोजणारा सेन्सर असतो, त्यावर फुकट लक्स मीटर (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) अ‍ॅप चालतं. फोनची स्क्रीन बाहेरच्या दिशेने करून जुन्या काचेला टेकवा, आकडा लिहा. फोन तिथेच धरून शटर सरकवा आणि मोकळ्या हवेतला आकडा लिहा. समजा काचेतून २,६०० आणि मोकळा ८,०००, तर काच आणि फिल्म मिळून सुमारे ३२ टक्के उजेड सोडतात. तीनदा मोजा, ढग सरकत असतील तर थांबा. फोनचा लक्सचा आकडा खरा असेलच असं नाही, पण एकाच फोनवरच्या दोन आकड्यांचं गुणोत्तर कामापुरतं बरोबर येतं. नमुन्यांमागेही तसंच मोजा.

विक्रेत्याला एक प्रश्न विचारा: पत्रकातला टक्का नुसत्या फिल्मचा की काचेवर लावून मोजलेला? साधी ५ मिमी काच स्वतःच दहा-बारा टक्के उजेड अडवते. ‘३५’ लिहिलेली फिल्म घरी ३१ भरते ती यामुळे.

दोन नमुने बरोबरीला आले आणि टक्का नेमका कुणाचाच जुळत नसेल, तर चमक आणि छटा जुळणारा घ्या.

तपासा: नमुने किमान एक दिवस काचेवर राहू द्या आणि चार वेळा बघा: दिवसा आतून, दिवसा बाहेरून, रात्री दिवा लावून आतून, रात्री बाहेरून. ट्यूबलाइटमध्ये जुळलेला रंग उन्हात फुटतो, हे साडीच्या दुकानात आपल्याला माहीत असतं, खिडकीपाशी आपण विसरतो. फोटो काढायचा तर दोन्ही काचा एकाच फोटोत घ्या. वेगवेगळ्या फोटोंत कॅमेरा रंग आपल्या मनाने बदलतो.

## ६. लावणे

कारागिराकडून करून घेतलंत तरी हे वाचा, उभं राहून काय बघायचं ते कळेल.

आधी कडेचा निर्णय. जुन्या काचांवर फिल्म आणि रबर यांच्यामध्ये उजेडाची बारीक रेघ दिसते का ते बघा. दिसत असेल तर नव्या काचेवरही ती तेवढीच हवी. छटा तंतोतंत जुळूनही माझी तिसरी फिल्म वेगळी वाटत होती ती याच रेघेपायी. बाकीच्यांना अर्ध्या सुताची रेघ होती, हिला दोन सूत. ती कड पुन्हा नव्याने लावून घेतली तेव्हा काम संपलं. रेघ नसेल, म्हणजे फिल्म रबराखाली गेलेली असेल, तर नवी फिल्म काच फ्रेममध्ये बसवण्याआधीच लावावी लागेल. हे काचवाल्याला चौथ्या टप्प्यातच सांगा.

सामान: फवारणीची बाटली, पिण्याचं गाळलेलं पाणी, बेबी शाम्पू, फिल्म दाबायची रबरी पट्टी म्हणजे स्क्वीजी, नवं ब्लेड लावलेला कटर, लोखंडी पट्टी, धागे न सुटणारं फडकं, चिकटपट्टी आणि दुसरा माणूस. १ लिटर पाण्यात शाम्पूचे चार-पाच थेंब बास. फेस आला म्हणजे जास्त झाला.

वेळ: त्या काचेवर ऊन नसेल ती. तापलेल्या काचेवर पाणी सुकतं आणि फिल्म जागच्या जागी पकडते. पंखा बंद. नाही केला तर फिल्मखाली धुळीचे ठिपके कायमचे राहतील.

१. फिल्म काचेपेक्षा चारी बाजूंनी इंचभर मोठी कापा. एकाच खिडकीच्या दोन काचा करत असाल तर दोन्ही तुकडे एकाच रोलमधून, एकाच दिशेने घ्या.

२. काच दोनदा धुवा. दुसऱ्यांदा ब्लेड तिरकं धरून हलक्या हाताने अख्ख्या काचेवर फिरवा, रंगाचे थेंब आणि दुकानाच्या स्टिकरचा डिंक निघतो. टफन काचेवर ब्लेड शक्यतो नको, चरे पडू शकतात. कोपरे फडक्याने पुसा, कचरा तिथेच दडतो.

३. कोपऱ्यावर पुढून-मागून चिकटपट्टीचे दोन तुकडे लावून विरुद्ध दिशांना ओढा. मागचं पारदर्शक प्लास्टिक सुटेल. एक माणूस ते ओढत जाईल, दुसरा उघड्या पडणाऱ्या चिकट बाजूवर सतत फवारत राहील. कोरडा भाग स्वतःवर दुमडला तर तो तुकडा गेला.

४. काच पुन्हा चिंब करा. फिल्म वरून टेकवा, सरकवून बसवा. सरकत नसेल तर पाणी कमी आहे, ओढू नका, उचलून फवारा.

५. फिल्मच्या बाहेरच्या बाजूवरही पाणी मारा आणि स्क्वीजी वरून मध्यावर आडवी दाबून फिल्म अडकवा. मग मधून कडेकडे, एकावर एक येणारे पट्टे. कडेकडून मध्याकडे कधीच नाही.

६. लोखंडी पट्टी रबराला टेकवून कडा कापा, रेघ ठरल्याप्रमाणे ठेवा. प्रत्येक बाजूला कटरचं टोक मोडून नवं ब्लेड घ्या, बोथट ब्लेड फिल्म ओढतं आणि कडेला दाते पडतात. कटर रबरात घुसू देऊ नका.

७. स्क्वीजीला फडकं गुंडाळून कडा पुन्हा दाबा. कडेला राहिलेलं पाणी फिल्म उचलतं.

तपासा: कारागीर जाण्याआधी काचेकडे तिरक्या उजेडात बघा. पाण्याचे फुगे चालतील, ते वाळतील. टोकदार गाठ असलेला फुगा म्हणजे खाली कचरा आहे, तो जाणार नाही. आडवी पांढरी घडी म्हणजे फिल्म मोडली आहे, तीही जाणार नाही. या दोन गोष्टींवर तिथल्या तिथे बोला, दुसऱ्या दिवशी फोन उचलला जात नाही.

## ७. वाळेपर्यंत निकाल देऊ नका

पहिले काही दिवस नवी काच धुरकट, दुधाळ दिसते. फिल्मखालचं पाणी अजून बाहेर पडत असतं. पातळ सनफिल्मला पूर्ण वाळायला साधारण महिना लागतो, जाड सेफ्टी फिल्मला त्याहून बराच जास्त, आणि पावसाळ्यात दोन्हींना आणखी. या काळात “छटा जुळली नाही” म्हणून फिल्म सोलून काढणारे लोक मी पाहिले आहेत. फुगे सुईने फोडणारेही. दोन्ही नको.

महिनाभर आतून काच पुसू नका, कडेला हात लावू नका. तीन-चार दिवस शटरही सरकवू नका, दुसऱ्या शटरच्या पट्टीने ओली कड उचलली जाते. त्यानंतर पहिलं पुसणं साध्या पाण्याने, मऊ फडक्याने.

उरलेली फिल्म घडी न घालता पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून माळ्यावर टाका. फिल्मचं पूर्ण नाव, पत्रकातला टक्का, तुम्ही मोजलेला टक्का, काचेची जाडी, लावल्याची तारीख आणि बाजू एका कागदावर लिहून तो बिलासकट नळीत सरकवा. आमच्या नळीवर मुलाने मार्करने लिहून ठेवलंय, “पुढच्या बॉलसाठी.”